चार सोमवारचे कबाब

दुपारी दीड ते तीन दातांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना बंद असतो आणि पुढच्या दारावर तसं चांगल्या ठळक अक्षरांत लिहिलेलंही आहे. पण ज्याच्या हातात वडिलांची मोडकी कवळी आहे, तो पाट्या वाचत बसत नाही. त्याने पुढचं दार वाजवलं, कुणी आलं नाही, म्हणून इमारतीला वळसा घालून मागचं दार वाजवलं. मागच्या दाराआड डॉक्टरबाईंची लॅब होती, आणि लॅबमध्ये त्यांच्यासाठी कवळ्या बनवणारी ती, कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेली, एकटीच बसली होती.

"ढकला, उघडंच आहे," ती म्हणाली.

आत आलेल्या माणसाने आधी तिचे हात पाहिले. मग फळीवर ओळीने मांडलेले तीस-पस्तीस जबड्यांचे साचे पाहिले आणि तो उंबऱ्यावरच थांबला.

"इथे... दात मिळतात ना?"

"मिळतात. कुणाचे हवेत?"

तो हसला. जिचा सगळा दिवस लोकांच्या दातांत जातो, तिने या माणसाचे डोळे आधी पाहिले आणि दात नंतर. हे तिच्या लक्षात आलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याने रुमाल उलगडला. आत वरची कवळी होती, दोन तुकडे झालेली.

"पडली?"

"बाबांनी भिंतीवर फेकली. म्हणाले, हिच्यात कबाब पुठ्ठ्यासारखा लागतो." तो ओशाळला. "आमचं कबाबचं दुकान आहे, ताई. बाबांना दातांशिवाय—"

"ताई नको," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"बरं. मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. तुकडे इकडे द्या."

तिने ते उजेडात धरले. टाळूवरचा भाग चांगला जाड होता. बनवणाऱ्याने मजबुती पाहिली होती, माणूस पाहिला नव्हता.

"तुमच्या बाबांचं खरं आहे," ती म्हणाली. "टाळू असा झाकला की गरम-गार नीट कळत नाही, चवही मंदावते. ही जोडून काही उपयोग नाही. मी नवी करते, पातळ. पण त्यांना आणावं लागेल."

तो मान हलवत उभाच राहिला. जायचं सोडून त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याने बहुधा कुणालाच सांगितलेली नव्हती. दुकानाचा रिवाज असा, की रोज सकाळी पहिला कबाब बाबांना द्यायचा. बाबा तो खाणार, डोळे मिटणार आणि "हं" म्हणणार. त्याआधी गिऱ्हाइकाच्या ताटलीत काही पडायचं नाही. चाळीस वर्षांत कितीतरी सकाळी बाबांनी "हं" म्हटलं नव्हतं आणि खिमा परत मळायला लावला होता.

"आणि आता?"

"आता रोज 'हं' म्हणतात. ही कवळी आली त्याला दोन महिने झाले." त्याने रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. "त्यांना काही कळत नाहीये. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. मला चांगलं म्हणणारे रोज शंभर येतात हो... चुकलं म्हणणारे तेवढे एकच होते."

तिने तुकडे ठेवून घेतले. तो गेल्यावर तिने हातातला साचा बाजूला ठेवला आणि हात धुवून आधी त्या मोडक्या कवळीचं माप घेतलं.

खरं सांगायचं तर अकरा वर्षं कवळ्या बनवूनही तिने तिची कवळी घालून कुणाला जेवताना पाहिलं नव्हतं. माणसं पुढच्या खोलीत येत आणि तिच्याकडे पोचत ते फक्त जबडे. कवळी परत आली तर तक्रार घेऊन यायची. चांगली बसली तर लोक ती विसरून जायचे, आणि बनवणारीलाही. यात कुणाची चूक नव्हती. तरी कधीतरी, मेणात दात रोवताना, आपण नेमकं कुणासाठी करतोय हे, असं तिच्या मनात यायचं.

मधे पुढच्या खोलीत बाबांच्या जबड्याचं माप झालं, आणि दोन आठवड्यांनी, एका सोमवारी, बाबा नवी कवळी घालायला आले. उंच, ताठ, धुतल्या धोतरासारखा पांढरा सदरा आणि गाल आत गेलेले. मागून तो आला, आणि त्याच्या हातात डबा होता.

डॉक्टरबाईंनी कवळी बसवून पाहिली. बाहेर पेशंट खोळंबलेले, म्हणून त्या तिला म्हणाल्या, "पुढचं तूच बघ गं. मला अजून दोन दाढा उपटायच्यात."

बाबांना मागे लॅबमध्ये आणून ती निळा कागद घेऊन बसली. तो दातांमध्ये धरून चावायला लावायचा. जिथे कवळी जास्त दाबते तिथे निळा ठिपका उमटतो, तो यंत्राने किंचित घासायचा की झालं. तिने चार ठिपके घासले.

"आता खाऊन बघायला हवं," ती म्हणाली. "पण मऊपासून सुरुवात. एकदम चामडं चावायला घेतलंत तर हिरड्या सोलून निघतील."

"म्हणूनच तर," असं म्हणत त्याने डबा उघडला.

लॅबमध्ये आजवर मेण, प्लास्टर आणि स्पिरिट यांचेच वास नांदले होते. त्यांच्यात आता वेलची आणि तुपाचा वास शिरला. डब्यात चपटे, तपकिरी, इतके नाजूक कबाब होते की उचलताना बोटांतच मोडत होते.

"गलावटी," तो म्हणाला. "लखनौकडचा. एका नवाबाचे दात गेले होते आणि जिभेची हौस शाबूत होती, त्याच्यासाठी केला असं सांगतात. कच्ची पपई लावून खिमा वाटत बसायचं. चावायचं काम खानसाम्याचं, गिळायचं नवाबाचं."

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," बाबा म्हणाले. "या नवाबाने तेवढी वेळ येऊ दिली नाही."

त्यांनी खाल्लं. तिने पहिल्यांदा आपले दात कामाला लागलेले पाहिले. जबडा कसा फिरतो, जीभ कुठे जाते, घास डावीकडून उजवीकडे कसा सरकतो... ती इतकं टक लावून बघत होती की बाबांनी घास गिळून विचारलं, "पोरी, तुला पण हवाय का?"

"खाऊन बघा ना," तो म्हणाला. "काम करणाऱ्याने उपाशी बघत बसू नये."

तिने खाल्लं. घास जिभेवरच विरघळला.

"यासाठी कवळी लागतच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे पुढच्या सोमवारी थोडा कडक आणू?"

"आणा," ती म्हणाली आणि उगाचच यंत्राची वायर गुंडाळायला लागली.

झालं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण या दोघांना चांगलीच होती. कवळी हळूहळू सरावायची असते हे डॉक्टरी सत्य, आणि कबाब जगात मऊपासून कडकपर्यंत सगळ्या पायऱ्यांचे मिळतात हे त्याचं सत्य. दोन सत्यं एकत्र आली आणि सोमवार ठरले. तोवर दुकानातला सकाळचा कबाब बाबा जेमतेम जिभेला लावून 'हं' म्हणत राहिले.

तो आठ वर्षं परक्या शहरांत, मोठमोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांत राबला होता. शेजारच्या चुलीवर कधी इराणी, कधी तुर्की, कधी ग्रीक. प्रत्येकाने त्याला आपला कबाब शिकवला, आणि शिकवण्याआधी कबूल करून घेतलं की खरा कबाब तो हाच, बाकी सगळ्यांनी उचललेले. बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा तो हे सगळं डोक्यात घेऊन घरी परतला होता.

दुसऱ्या सोमवारी इराणी कबाब आला. खिम्यात किसलेला कांदा, पण पाणी पिळून काढलेला. तो खिमा तलवारीच्या पात्यासारख्या रुंद सळईवर बोटांनी दाबत दाबत बसवायचा. सोबत भात आणि भाजलेला टोमॅटो.

"नुसत्या चमच्याने मोडतो," तो म्हणाला. "पण चावावा लागतो. थोडासा."

"मग खरा कबाब कुणाचा?" तिने विचारलं. "इराण्याचा की नवाबाचा?"

"मी आत्तापर्यंत सहा जणांना शपथेवर सांगितलंय की तुमचाच."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"कबाबपुरतं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "बाकी बाबतीत विचारून बघा."

तिने विचारलं नाही. कान तेवढे गरम झाले, आणि ते केसांखाली होते म्हणून बरं.

"शिपाई तलवारीला मांस टोचून भाजायचे, तिथून आला म्हणतात," तो पुढे म्हणाला.

"कुणी पाहिलंय ते शिपाई?" बाबा घास चावत म्हणाले. "अरे, ज्याच्याकडे लाकूड थोडं होतं त्याने मांस लहान कापलं. लहान तुकडा लवकर शिजतो. लाकूड काय एकाच देशात कमी होतं? ज्याची त्याची नड, ज्याचा त्याचा कबाब."

तिसऱ्या सोमवारी तुर्की आला. मांसाचे पातळ काप एकावर एक रचून उभ्या सळईवर फिरवत भाजायचे आणि वरून सुरीने तासत जायचे. ग्रीक मंडळीही तसंच करतात, पण नाव वेगळं. "दोघांना शेजारी बसवून हा विषय काढायचा नाही," असा अनुभवाचा बोल त्याने सांगितला. डब्याच्या वरच्या खणात तिच्यासाठी वेगळी पुडी होती. बारीक काड्यांना ओवलेले छोटे छोटे तुकडे, शेंगदाण्याच्या दाट चटणीसकट. इंडोनेशियाकडचे.

"हे बाबांना नाहीत का?"

"काडी हिरडीला टोचेल." जरासा थांबून तो म्हणाला, "आणि... हे तुम्हाला आवडतील असं वाटलं."

"कशावरून?"

"तुम्ही बारीक काम करता. हे पण फार बारकाईने ओवावे लागतात. काल संध्याकाळी ओवत होतो तेव्हा... असो."

ती घरी गेली ती धुतलेला रिकामा डबा घेऊन. आईने डबा पाहिला, लेकीकडे पाहिलं, परत डबा पाहिला. "हा डबा आपल्या घरातला नाही," एवढंच आई म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. सगळ्या आया असंच करतात. एक वाक्य टाकतात आणि ते आपोआप मुरायला ठेवून देतात.

चौथा सोमवार शेवटचा होता. डब्यात अख्खे तुकडे होते. कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवून, सळईला टोचून, थेट निखाऱ्यावर भाजलेले. "कॉकेशस पर्वताकडे, पुढे रशियात हे असे खातात," तो म्हणाला. "दाताखाली लागला पाहिजे, तरच तो कबाब, असं त्यांचं म्हणणं." आज त्याचा आवाज थोडा खाली होता. याच्यापुढे कडक कबाब नव्हता. याच्यापुढे सोमवारही नव्हता.

बाबांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. मग तिने निळा कागद दिला. त्यांनी चावला, कवळी काढून तिच्या हातात दिली.

डावीकडच्या शेवटच्या दाढेवर एक ठिपका होता. गडद, मोहरीएवढा.

यंत्र हाताशी होतं. दोन सेकंदांचं काम. ते केलं की कवळी पुरी झाली, आणि पुरी झालेली कवळी माघारी येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने स्पिरिटचा बोळा घेतला आणि ठिपका पुसून टाकला. दाढ तशीच ठेवली.

"झालं," ती म्हणाली. "पण... पुढच्या सोमवारी एकदा बघू. सहज."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला क्षणभर आपण काही चांगलंच केलंय असं वाटलं.

गुरुवारी तो एकटाच आला. बाहेर भुरभुर पाऊस होता, केस ओले, हात रिकामे.

"बाबांना डावीकडे जखम झालीय," तो म्हणाला. "परवापासून कवळी पेल्यातच आहे. आज सकाळी कबाब दिला, तर त्यांनी तोंडाला लावल्यासारखं केलं आणि तुकडा रुमालात ठेवला. मी बघितलं. मग म्हणाले... 'हं'."

तिची नजर यंत्राकडे गेली.

"माझंच चुकलं. तुम्ही मऊपासून म्हणाला होता आणि मी त्या दिवशी तुकडे जास्त भाजले असणार. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, आणि मी..."

त्याने सगळं स्वतःवर घेतलं होतं. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. सांगायला तोंड उघडलं आणि दातखीळ बसल्यासारखं झालं. "उद्या सकाळी मी दुकानात येते," तेवढं ती कसंबसं म्हणाली.

सकाळी ती यंत्राची पेटी घेऊन गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. पुढे भट्टी, मधे सहा बाकं, मागे काळ्या दगडाचा ओटा, आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या सळ्या, बारीक, चौकोनी, रुंद. बाबा खिडकीशी बसले होते. तो परातीत खिमा मळत होता. ती आलेली पाहून तो खिम्याच्या हातांनीच पुढे आला.

"आधी ऐका," ती म्हणाली. उभ्या उभ्याच म्हणाली, बसली असती तर राहून गेलं असतं. "काका, तुमच्या डाव्या दाढेवर एक ठिपका होता. तो मला सोमवारीच दिसला होता."

"मग?"

"मी घासला नाही. मुद्दाम."

भट्टीतला कोळसा तडतडला. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"का गं, पोरी?"

"घासला असता तर तुम्ही परत आला नसता."

"मी?"

"तुम्ही..." तिने मान खाली घातली. "आणि तुमच्यासोबत येणारे. तुमच्या दुखण्यावर मी माझा एक सोमवार मिळवला, काका. त्यांची काही चूक नाही. कबाब अगदी बरोबर भाजले होते."

तो वळला आणि भट्टीकडे गेला. त्याची पाठ तेवढी तिला दिसत राहिली.

"आण ती पेटी इकडे," बाबा म्हणाले.

तिने दाढ घासली.  कागद पुन्हा चावायला दिला, सगळीकडे सारखा, फिकट निळा रंग आला. बाबांनी कवळी बसवली, जबडा इकडून तिकडे फिरवला. जखम होतीच, पण टोचणारं गेलं होतं.

त्याने पहिली सळई आणली. कबाब ताटलीत उतरवला, बाबांसमोर ठेवला आणि बाजूला उभा राहिला. बाबांनी तुकडा उजवीकडून घेतला. चावला. डोळे मिटले. परत चावला. ती ओट्याला धरून उभी होती. बाबांनी जर आता खोटा होकार दिला, तर तिच्या अकरा वर्षांच्या कामाला काही अर्थ राहणार नव्हता, आणि तिच्या चुकीला क्षमाही.

बाबांनी डोळे उघडले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "आणि कांदा नीट पिळलेला नाही, पाणी राहिलंय खिम्यात. सळईवरून सुटायला आलाय हा. किती दिवस असं विकतोयस?"

"साडेतीन महिने," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तुम्ही 'हं' म्हणत होतात, बाबा."

म्हाताऱ्याने ताटली पुढे ढकलली. "परत कर. सगळा खिमा परत कर. तोवर कुणाला आत घेऊ नकोस." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "चुकलंच माझं. सांगायला हवं होतं तुला."

तो परात उचलून मागे गेला. चाळीस सळ्यांचा खिमा वाया गेला होता आणि चालण्यात मात्र अशी उडी होती की कुणाला वाटावं याला बक्षीस मिळालंय.

ती पेटी बंद करून त्याच्या मागे गेली. निरोप तरी घ्यायला हवा होता. तो फडक्यात कांदा पिळत होता आणि त्याचे डोळे वाहत होते.

"कांदा तिखट दिसतोय," ती म्हणाली.

"अजिबात नाही." त्याने खांद्याला डोळे पुसले. "मला वाटलं होतं, आता मला चुकलं म्हणणारं कुणी उरलं नाही. आज त्यांनी चार चुका काढल्या."

"तीन."

"बघ. तू पण." तो हसला, मग गंभीर झाला. "मी रागावलोय. त्यांना चार दिवस दुखलं. असं परत करायचं नाही."

"नाही करणार."

"सोमवार हवा असला तर तोंडाने मागायचा."

"आणि मागितला असता तर... मिळाला असता?"

"सगळे वार दिले असते." त्याने फडकं खाली ठेवलं. "कवळी पुरी झाली असती तरी मी येणारच होतो गं. काहीतरी मोडून आणलं असतं. पण तू आज जे केलंस ना, बाबांसमोर, ते मला जमलं नसतं. मी सहा जणांना खोटं सांगून आलेला माणूस आहे. माझ्या घरात खरं सांगणारं माणूस हवंय. बाबांना हवंय, मला हवंय. येशील?"

 बाहेर पहिली दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती आणि बाबा त्यांना अभिमानाने सांगत होते की आज उशीर होणार, कबाब बिघडलाय.

"मी अकरा वर्षं जबडे बनवले," ती म्हणाली. "त्यातून माणूस हसतो, जेवतो, भांडतो, हे तू डबा घेऊन आलास तेव्हा कळलं. एवढं कुणी दिलं नव्हतं मला. येईन. आजच्या आज विचारलंस तरी येईन."

"आजच विचारलंय."

तिने बाह्या वर केल्या, हात धुतले आणि फडक्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पिळलं. पाण्याची धार परातीबाहेर गेली, त्याच्या पायावर, तिच्या चपलेवर. दोघांनाही हसू आवरेना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ओल्या हातांनी तिने तो खांद्याशी धरला. डॉक्टरबाई होत्या.

"अगं, आहेस कुठे? तीन साचे येऊन पडलेत."

"मला उशीर होईल, बाई. एका माणसाचे आभार मानायचे राहिलेत."

"त्याला किती वेळ लागतो?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चिमूटभर मीठ घेऊन तिच्या होकाराची वाट बघत थांबला होता.

"सांगता येत नाही, बाई," ती म्हणाली. "बराच लागेल असं दिसतंय."